चपला बाहेर काढाव्यात

दारावर थाप पडली की ते उघडायला माझ्या साडूंइतका जोरात धावणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल, आणि होऊही नये अशीच माझी इच्छा आहे. अशा माणसाच्या शेजारी बसून जेवणं ही शिक्षा असते. घास तोंडाशी गेलेला असो, अर्धी दाढी व्हायची राहिलेली असो, की दोंडाईच्याचे आमचे सासरेबुवा एखादी गंभीर कौटुंबिक बाब सांगत असोत, दाराला कुणाचं बोट जरी लागलं तरी साडू ताडकन उठतात आणि अनवाणी धावत सुटतात. एकदा धुळ्याला आमच्या घरी शेवभाजीचा रस्सा त्यांच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होता आणि त्याच हाताने त्यांनी कडी काढली. बाहेर पत्ता चुकलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांना भलत्याच गल्लीत जायचं होतं. "असू द्या, आधी आत या," असं म्हणत साडूंनी त्यांना ओढतच पंख्याखाली बसवलं, दोन तांबे पाणी पाजलं आणि माझ्या बायकोला आणखी एक ताट घ्यायला सांगितलं. ते गृहस्थ शांतपणे जेवले, सुपारी खाल्ली आणि निघून गेले. ते कोण होते हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

जळगावला साडूंच्या स्वतःच्या घरी तर हा त्रासच होत नाही, कारण तिथलं पुढचं दार दिवसा कधी लागतच नाही. त्या उघड्या दारातून मांजरं येतात, शेजाऱ्यांच्या कोंबड्या येतात, आणि मेहुणीच्या सांगण्याप्रमाणे एकदा एक शेळी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरचे उरलेले सगळे महिने खाऊन गेली. न्हाणीघराचं दार साडू लोकलाजेस्तव लावतात. पण आत असेपर्यंत दर दोन मिनिटांनी "कोणी आहे का बाहेर?" असं ओरडून विचारतात. आपण मुकाट्याने "नाही" म्हणायचं असतं. उत्तर नाही दिलं तर ते पंचा गुंडाळून बाहेर येतात.

याहून विचित्र म्हणजे त्यांच्या ओसरीतल्या चपलांच्या रांगेत टायरच्या तळाचा एक जोड कैक वर्षं होता, आणि तो घरातल्या कुणाचाच नव्हता. टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे, असा तो कायम ठेवलेला असे. दर शनिवारी साडू पाटावर बसून त्याच्या पट्ट्यांना गोडं तेल चोळत. मी एकदा पानाच्या दुकानापर्यंत जायचं म्हणून घाईत त्यात पाय घातला. जन्मात कुणाला अरे म्हणून न बोललेला हा माणूस माझ्यावर असा खेकसला, की मी तसाच अनवाणी गेलो आणि पुढचे दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्यांची ही तीन खुळं मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा रंगवून सांगितली आहेत आणि भरपूर हशाही मिळवला आहे. आज मला त्या हशाची लाज वाटते.

कारण हाच माणूस एकेकाळी दार न उघडण्याबद्दल जळगावात प्रसिद्ध होता.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. साडू तेव्हा केळी बागायतदारांच्या एका संघात कारकून होते. संघाचं नाव मी सांगत नाही. तिकडची केळी रेल्वेच्या वॅगनींतून दिल्लीकडे जात. वॅगनी थोड्या आणि केळी उदंड, त्यामुळे कुणाचा माल कधी भरायचा याची पाळी लावावी लागे. ही पाळीची यादी साडूंच्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिली जाई. मग अध्यक्षांच्या कुणी भाच्याची केळी अचानक कापली जात, यादी परत मागवली जाई, आणि खालचं नाव वर घालून साडूंना ती सगळी पुन्हा लिहावी लागे, तीही मोत्यांसारख्याच अक्षरात. कापलेला घड मे महिन्यात कुणासाठी थांबत नाही. ज्याचं नाव खाली गेलं त्याची बैलगाडी यार्डात उभी राही आणि माल जागेवर काळा पडे. तो माणूस साडूंकडे नुसता बघून निघून जाई. ते बघणं साडूंना घरी जेवू देत नसे.

अशात संघात कॉम्प्युटर आला. नावं एकदा आत घातली की यादी यंत्र काढणार, खाडाखोड नाही, पुनर्लेखन नाही. साडूंना तर देवच भेटला. "मास्तर, यंत्राला मामे-भाचे नसतात," ते मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी भक्तिभावाने पडद्यावर हळदकुंकू वाहिलं, तेव्हा पुण्याहून यंत्र बसवायला आलेल्या इंजिनीअरला घेरी यायची तेवढी राहिली. त्याने साडूंना समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या. खोलीत एसी पाहिजे, धूळ येता कामा नये, फ्लॉपी चालू असताना तर मुळीच नाही, आणि हळदकुंकू परत कधी नाही. या चारांचे साडूंनी स्वतः चाळीस नियम केले. दारावर सुवाच्य अक्षरात पाटी लागली, "चपला बाहेर काढाव्यात." आत उदबत्ती नाही, टाल्कम पावडर नाही, केसांना तेल नाही. शिंक आली की नाक दाबून बाहेर पळायचं. यंत्रासमोर श्वास सोडायचा असतो म्हणून साडूंनी लसणाचा ठेचा सोडला. खानदेशी माणसाने ठेचा सोडणं म्हणजे संन्यासच की! मेहुणीने जुन्या शालूचा काठ लावून यंत्राला मखमली झाकण शिवून दिलं, आणि घरच्या गादीला साधा अभ्रा नाही म्हणून वर्षभर कुरकुर केली. यंत्राबद्दल बोलताना साडू आदरार्थीच बोलत. "ते आत्ता विचार करताहेत." "त्यांना जरा गरम होतंय." खुद्द अध्यक्षांना बूट काढून आत यावं लागलं, तेव्हा त्यांच्या मोज्यातून डाव्या पायाचा अंगठा सगळ्या कचेरीला दिसला. त्यानंतर अध्यक्षांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि भाच्यांची नावं आपोआप आपापल्या जागी राहू लागली. साडूंच्या चाळीस नियमांनी केलेलं हे खरं काम होतं, हे मी विसरलेलो नाही.

दाराबाहेर स्टुलावर आबा बसत. आबा म्हणजे संघाचे म्हातारे शिपाई, मूळचे पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. सुरुवातीला कुणाची तरी एक चप्पल कुत्र्याने नेली, म्हणून चपला राखायला साडूंनी त्यांना तिथे बसवलं. आबांनी त्याही कामाला वळण लावलं होतं. ज्या क्रमाने माणसं आत गेली त्या क्रमाने चपला रांगेत, टाचा भिंतीकडे आणि अंगठे रस्त्याकडे, म्हणजे बाहेर येणाऱ्याने नुसता पाय सरकवून चालू लागायचं. झिजलेल्या टाचेवरून ते माणूस ओळखत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावला गेलो की तास-तासभर त्या गार खोलीत जाऊन बसत असे. साडूंचा नातेवाईक म्हणून मला ती सवलत होती. एकदा बाहेर येऊन चपलेत पाय घातला तर ती गार लागली. उन्हाची तिरीप रांगेवर आली होती, म्हणून आबांनी माझा जोड उचलून स्वतःच्या स्टुलाखाली सावलीत ठेवला होता. ते स्वतः मात्र उन्हातच बसले होते.

त्या जागेची एक गोष्ट सांगायला हवी. एसी बसवताना तो बाहेरच्या भिंतीत बसवायला इंजिनीअरने सांगितलं होतं. पण तिकडे रस्त्याची धूळ, म्हणून साडूंनी हट्टाने तो आतल्या भिंतीत, व्हरांड्याच्या बाजूला बसवून घेतला. व्हरांडा पश्चिमेकडचा, वर पत्रे. खोलीतली सगळी गरम हवा एसीच्या पाठीतून त्या व्हरांड्यात पडे, आणि एसीच्या पाठीसमोर आबांचं स्टूल होतं. एकदा मी बाहेर पडत असताना आबा साडूंना म्हणाले, "भाऊसाहेब, याले ऊन लागस, माणूसले नही लागत का?"

"आबा, माणसाला घाम येतो. यांना येत नाही ना," साडू म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. मी तर जास्तच हसलो.

पहिल्याच उन्हाळ्यात एक विपरीत घडलं. यादीची एकच फ्लॉपी होती, तिच्यात धूळ गेली म्हणा की काय, ती उघडेना. सगळ्यांची पाळी एका दुपारी नाहीशी झाली. दोन दिवस संघाच्या पायऱ्यांवर शिवीगाळ चालली, आणि एका बागायतदाराने काळा पडलेला घड आणून साडूंच्या पायाशी आपटला. पूर्वी तो माणूस नुसता बघून गेला असता. तेव्हापासून साडूंनी शनिवारचं व्रत धरलं. दर शनिवारी दुपारी कचेरी सुटली की यंत्रातलं सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायचं. एकामागून एक अठरा फ्लॉप्या लागत. त्या वेळात दार उघडायचं नाही, म्हणून साडूंनी आतून कडी बसवून घेतली. अठरा होईपर्यंत आबा बाहेर स्टुलावरच थांबत. एकदा अध्यक्षांनी स्वतः दार वाजवलं होतं. साडू आतून म्हणाले, "नववी चाललीय साहेब, अठरा झाल्या की उघडतो." ही गोष्ट जळगावात इतकी गाजली की मुलीसाठी स्थळं बघून दमलेल्या एका बापालाही लोक 'नववं चाललंय ना, अठरा होऊ द्या' असं ऐकवत.

मग एका आखाजीनंतर, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेनंतर, मेहुणीचं पत्र आलं, की आबा ऊन लागून गेले, आणि यांनी कॉम्प्युटरची खोली सोडली, यार्डात वॅगन भरण्याचं काम मागून घेतलं. ज्याने यंत्रासाठी ठेचा सोडला तो माणूस आता भर उन्हात पत्र्यासारख्या तापलेल्या यार्डात उभा राहतो, हे ऐकून मला हसूच आलं. मी कार्डावर काहीतरी टवाळी लिहूनही पाठवली. त्याचं उत्तर आलं नाही.

पुढच्या आखाजीला आमच्या बायका माहेरी दोंडाईच्याला गेल्या होत्या, आणि त्यांना आणायला आम्ही दोघे जावई एकाच दिवशी पोचलो. दुपारी झळांमुळे सासरेबुवांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फरशीवर पाणी शिंपडलं आणि सगळे आत आडवे झाले. साडू तेवढे बाहेर ओट्यावर बसून राहिले. मी आत बोलवायला गेलो तर म्हणाले, "मला बंद दारात जमत नाही, मास्तर. बसा." मी बसलो. ओटा तापला होता. समोर मिरच्यांच्या पोत्यांची एक गाडी उभी होती आणि तिच्या झोताने डोळ्यांना पाणी येत होतं, त्यामुळे पुढचं ऐकताना माझ्या डोळ्यांची चौकशी करायचं त्यांना कारण पडलं नाही.

"शनिवार होता," ते म्हणाले. "अकरावी चालली होती. दार वाजलं. जोरात नाही, एका बोटाने वाजवावं तसं. आबा म्हणाले, 'भाऊसाहेब, मझार येऊ का जरासा?' इतक्या वर्षांत त्यांनी कधी आत येऊ का विचारलं नव्हतं. एकदाही नाही. मी म्हटलं, 'अकरावी चाललीय आबा, अठरा झाल्या की उघडतो.' ते म्हणाले, 'बरं.' "

मी म्हणालो, तुम्हाला काय कल्पना, मध्येच दार उघडलं असतं तर सगळं बिघडलं असतं. सांत्वन करताना माणूस जे बोलतो ते मी बोललो. साडूंनी मान हलवली.

"नसतं बिघडलं. एक फ्लॉपी भरली की यंत्र थांबतं, मास्तर. पडद्यावर लिहून येतं, पुढची घाला. मग आपण घालेपर्यंत ते वाट बघतं. पाच मिनिटं लावा, तासभर लावा, ते काही म्हणत नाही. अकरावी संपल्यावर ते थांबलं होतं. बारावीनंतर थांबलं होतं. सात वेळा थांबलं, आणि सातही वेळा मी लगेच पुढची घातली. घाई त्यांना नव्हती. मला होती."

अठरावी झाल्यावर त्यांनी कडी काढली, तेव्हा दार आपोआप आत ढकललं गेलं. आबा दाराला टेकून बसले होते. त्यांचं डोकं आधी आत आलं, गार फरशीवर. साडूंनी त्यांना ओढून यंत्राच्या शेजारी निजवलं, मखमली झाकण पाण्यात बुडवून त्यांच्या छातीवर पसरलं, एसी होता तेवढा वाढवला. काही उपयोग झाला नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी गारव्यात घेतलं असतं तर," आणि साडूंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. संघाने पाच मिनिटं उभं राहून शोक केला. उन्हात बसायची त्यांना सवयच होती, असं अध्यक्ष बोलले. सोमवारी यादी निघाली ती अगदी बिनचूक, एकही नाव इकडचं तिकडे नाही, आणि वॅगनी पाळीप्रमाणे भरल्या गेल्या.

"त्यांना दवाखान्यात पोचवून मी परत आलो तेव्हा व्हरांड्यात चपला दिसल्या," साडू म्हणाले. "शनिवारची दुपार, कुणीच आलेलं नव्हतं, रांग कसली? एकच जोड. टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे. आत यायचं म्हणून त्यांनी आधी चपला काढल्या, नीट लावल्या, आणि मग दार वाजवलं. जीव जात होता तरी पाटी वाचली हो त्यांनी."

तो जोड पिशवीत घालून साडू पारोळ्याच्या गाडीत बसले आणि आबांच्या खेड्यात गेले. आबांच्या बायकोने, त्या अक्कांनी, त्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं. कसं झालं हे त्यांनी विचारलं, आणि साडूंनी सगळं सांगितलं, अठरा फ्लॉप्यांसकट. अक्कांना फ्लॉपी कळली नाही, पण कडी कळली. मग चपला उचलून उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाल्या, "नव्याच शेतस. कोणले तरी दी टाका, लोकेसना पाय भाजतस." नव्या असल्या तरी साडूंना काही त्या कुणाला देववल्या नाहीत. म्हणून त्या ओसरीत होत्या, आणि म्हणून मी पाय घातला तेव्हा ते ओरडले होते. हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला बोललो, माफ करा मास्तर." आता मी काय माफ करणार होतो? मी त्यांचा हात धरून बसलो, एवढंच मला करता आलं.

याला बरीच वर्षं झाली. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी धुळ्याच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापक झालो होतो, आणि कुणा दानशूराने आम्हाला दोन कॉम्प्युटर दिले. उद्घाटनाला मी साडूंना बोलावलं. त्यांचं कार्ड आलं, "येतो. तुमच्या शिपायाच्या पायाचं माप कळवा." खुळं काही गेली नाहीत म्हणून मी शिक्षकांत पुन्हा एकदा हशा पिकवला आणि माप कळवून टाकलं. सगळं ऐकून घेतलेला मी, माझ्याही डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

ते आले. मी मोठ्या उत्साहाने त्यांना खोली दाखवायला नेलं. नवी जाळी, नवं दार, दाराला कडी-कुलूप. आमच्या शाळेचे एकमेव शिपाई चपला काढून बाहेर व्हरांड्यात उभे होते, आणि ऊन चांगलंच चढलं होतं. साडू दारापाशी थांबले आणि वर बघत राहिले. वर मी रंगाऱ्याकडून लिहून घेतलेली पाटी होती. चपला बाहेर काढाव्यात. ती लावताना मला आबांची आठवण झाली नव्हती. सगळीकडे असते, म्हणून लावली होती.

साडूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला, स्टुलावर चढून आधी पाटी काढली, मग बिजागरीचे स्क्रू काढायला लागले. मी म्हणालो, "अहो, हे काय करताय? चोरी होईल!"

"होऊ द्या. यंत्र परत आणता येतं," ते म्हणाले.

दार निघालं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. साडू स्टुलावरून उतरले, पिशवीतून तो जोड काढला आणि शिपायांच्या पायांपुढे ठेवला. इतक्या वर्षांच्या तेलाने त्याच्या पट्ट्या मऊ आणि काळ्याभोर झाल्या होत्या. "घाल भाऊ," ते म्हणाले. शिपायांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी पाय सरकवले. माप बरोबर होतं. मग सवयीने ते उंबऱ्याशी आले आणि चपला काढायला वाकले.

"व्हाना काढू नको," साडू म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "तसाच मझार ये."

शिपाई बिचकत आत आले. टायरचे तळ गुळगुळीत फरशीवर चटचट वाजले, आणि ते पंख्याखाली खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. दोन्ही कॉम्प्युटर चालूच होते. त्यांना काहीही झालं नाही. साडू उंबऱ्याबाहेर अनवाणी उभे होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि आत बघत, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "एवढंच तर होतं हो, मास्तर."